मोराच्या जिवाची हमी

बाभुळगावकडच्या कपाशीच्या वावरांत मोर मरून पडत होते. ते कशाने मरतात हे तपासायला मला मेलेल्या मोराच्या यकृताचा एवढासा तुकडा हवा होता. वनखात्यात परवानगी मागायला गेले, तर तिथल्या साहेबांनी असं पाहिलं, जणू मी मोराचं मटण मागतेय.

"गझाला मॅडम, मोर राष्ट्रीय पक्षी आहे. मेला तरी राष्ट्रीयच. आधी हमीपत्र लिहून द्या, की तुमच्या संशोधनामुळे मोराच्या जिवाला धोका पोहोचणार नाही."

"पण साहेब, तो मेलेलाच असणार आहे."

"मग काय झालं? नियम तर जिवंत आहे नं!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गावाकडची शेती पाहणारा भाऊ इतक्या जोरात बोलत होता, की मलाही ऐकू आलं. "दादा, कापसाले भाव तं नाहीच, आता दुबार पेरणीत टोबलेली सरकीबी मोरायनं उकरून खाल्ली!"

"मंग कायले बोंबलून राह्यला बे?" साहेब खेकसले. "फवारणीचं औषध चोळलेली सरकी वावराच्या धुऱ्यावर फेकून दे. मांगच्या साली तेच केलतं नं आपण? दिसला का मंग एक तरी मोर वावरात?"

फोन ठेवून त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.



"लिहा मॅडम. मोराच्या बाबतीत मी कोणाचीच गय करत नाही."