झुंबराखालचं लग्न

लग्नाच्या सजावटीत ताईंचं नाव गाजलं ते एकाच लग्नामुळे. वेबसाइटवर त्याचे फोटो पाहूनच बडी गिऱ्हाइकं यायची आणि त्या ऐटीत सांगायच्या, "मांडव काय, कुणीही सजवतं. आम्ही दोन जिवांची गोष्ट मांडतो."

एका दुपारी त्याच लग्नातली नवरी स्टुडिओत आली. चेहरा पार उतरलेला.

"ताई, आमचं मोडलं. तेवढे आमचे फोटो काढून टाका ना. मला ते उघडून बघवतही नाहीत."

ताईंना घोर लागला. पोरीच्या संसाराचा नव्हे, धंद्याचा.

"अगं, त्या फोटोंवरच तर माझं दुकान चालतंय! त्यापेक्षा असं करू, तुम्हा दोघांना तेवढं कापून टाकते. मग तर झालं?"

पोरीने मान डोलावली. ताई एकेक फोटो उघडत गेल्या. झुंबरं, फुलांच्या कमानी, कारंजी, पाण्यावर तरंगणाऱ्या मेणबत्त्या, माणसाच्या उंचीचा केक. शेवटचा फोटो पाहून झाला, तसा त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"बघ, उगीच जीव टांगणीला लावलास! तुम्ही दोघं एकाही फोटोत नाही."