भांडणारी कातडी

कोळंबी सोलायच्या कारखान्यात इसब असलेली एकटी मंदाकिनी तांडेल उरली होती. बाकीच्या बायकांनी इसबावरची सुई घेतली होती. त्या सुईने कातडीतल्या पहारेकरी पेशी जिवाणूंना ओळखेनाशा होत आणि खाज कायमची थांबे.

"उद्या सुई घ्या, नाहीतर येऊ नका," मुकादम म्हणाला. "गिऱ्हाइकाला असले लाल हात चालत नाहीत."

शेजारच्या यमुनेच्या हातमोज्यातून सकाळपासून कुजका वास येत होता; मंदाकिनीने तो ओढून काढला. कोळंबीचा काटा रुतलेलं बोट काळं पडून सडलं होतं, पण त्याला सूज नव्हती, लाली नव्हती, की ठणका नव्हता. यमुनेला पत्ताच नव्हता.

"माझी कातडी भांडते, म्हणून खाजते," मंदाकिनी म्हणाली. "तिला मी आंधळी करणार नाही. आणि उद्या येणारच."

यमुनेला घेऊन ती दवाखान्याकडे निघाली. मागे बायका एकेक करून हातमोजे काढून आपापली बोटं निरखू लागल्या.