शेवटचं कडवं

दिनकररावांनी कॅसेट बंद करायला हात पुढे केला आणि वसुधाने त्या हातावर फटका मारला. थोरल्या दिराच्या हातावर. पंचवीस वर्षांत तिने त्यांच्यासमोर साधा आवाज चढवला नव्हता.

"डोकं फिरलंय तुझं. गाडी थांबव. मी ट्रेनने जातो विमानतळावर."

"ऑटोबानवर थांबणं फरबोटन आहे, भाऊजी, सक्त मनाई. पोलीस येतात. ऐका आता."

जर्मनीतलं एर्लांगेन सोडून तास झाला होता, फ्रँकफुर्ट अजून तासावर होतं. कॅसेट भास्करची, तिच्या नवऱ्याची. या गाडीत ती वाजते म्हणून २००४ साल उजाडलं तरी त्याने गाडी विकली नव्हती. अमेरिकेतल्या टेनेसीकडचा एक म्हातारा गायक. गाणी स्वतःच लिहायचा आणि खरखरीत आवाजात स्वतःच म्हणायचा. लग्नानंतर पहिली काही वर्षं वसुधालाही तो नकोसा वाटे. मग एकदा भांडी घासताना ती थांबली आणि साबणाच्या हातांनी गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली. म्हातारा गळा काढत नसे. शेजारच्याला निरोप द्यावा तसं दुःख सांगून मोकळा होई.

"मढ्यापुढे वाजवायची गाणी ही? गुराख्यांची?" दिनकरराव खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

"ह्यांनी लिहून दिलं होतं, हॉस्पिटलमध्ये. एकच गाणं, पूर्ण, मध्ये कुणी बोलायचं नाही."

"मग मी गीता म्हटली ते पाप केलं?"

"अकरा वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत. आणि गेल्यावर गीता!"

काल स्मशानातल्या हॉलमध्ये त्यांना मोजून अर्धा तास मिळाला होता. पुढच्या अंत्यविधीची मंडळी बाहेर ताटकळत होती. दिनकररावांनी पंधरावा अध्याय म्हटला, वर भाषण ठोकलं. गाणं लागलं तेव्हा जेमतेम तीन मिनिटं उरली होती. पहिलं कडवं होतंय तोच ते उठले, मशीनवरच्या माणसाला हातानेच खूण केली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "वेळ संपली, वसुधा." भास्करच्या ऑफिसातले लोक माना खाली घालून बसून राहिले. जाण्याआधी हा माणूस ते गाणं ऐकेल, अगदी शेवटपर्यंत ऐकेल, एवढंच तिने रात्रभर घोकलं होतं.

विमानतळाची पाटी दिसली आणि ते गाणं लागलं.

"हेच," ती म्हणाली.

दोन भाऊ. थोरल्याने धाकट्याला खांद्यावर घेऊन पुराची नदी ओलांडली. पुढे कशावरून तरी बिनसलं, दारं बंद झाली. आता धाकटा कळवतो आहे: रविवारी येतोय, जेवणाच्या टेबलाशी माझी खुर्ची ठेवशील ना? साताऱ्यात चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला शब्द न् शब्द कळत होता. खिडकीकडचं तोंड हळूहळू पुढे वळलं. मांडीवरच्या बॅगेचा पट्टा त्यांनी मुठीत आवळून धरला.

गाडी डिपार्चरच्या दाराशी लागली. दिनकरराव उतरले नाहीत. मागच्याने हॉर्न दिला. नुसती गिटार चालू होती, एक कडवं अजून यायचं होतं.

"भास्कर पाण्याला फार घाबरायचा," ते म्हणाले. "पुढे काय होतं गं? ठेवतो का तो खुर्ची?"

वसुधाने हात पुढे केला आणि कॅसेट बंद केली.

"वेळ संपली, भाऊजी."