निळी रेघ

“सरकला?” यशोधराने विचारलं.

“चतकोर.” देवदत्तांनी पाना खाली ठेवला आणि खांदा चोळला. “बस, आजचं एवढंच. बाकी उद्या.”

गाडीच्या पंक्चर चाकाचे तीन नट निघाले होते. चौथा गंजून बसला होता. सुरुवातीलाच त्यांनी नटापासून चाकापर्यंत निळ्या खडूची जाड रेघ ओढून ठेवली होती. नट फिरला की रेघ तुटायची. आता ती तुटली होती.

फाटकाबाहेरून शेजारच्या रजतने हाक मारली. “काकाजी, मिस्त्री बुला दूँ क्या?”

“नको रे भिया. इतकी वर्षं मीच सांभाळलीय हिला.”

मग ते वळून यशोधराला म्हणाले, “अगं, आज वार कोणता?”

“मंगळवार.”

सकाळपासून ते तिसऱ्यांदा विचारत होते. उत्तर त्यांनी खिशातल्या छोट्या वहीत लिहून ठेवलं. तिला गलबलून आलं.

शुक्रवारी तुकोगंजला मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि ते स्वतः गाडी चालवणार होते. साधा वार न आठवणाऱ्या माणसाला चौकातला लाल दिवा कळेल? रिक्षाचं नाव काढलं की म्हणत, “रिक्षा नको. हिसके बसले की घाबरायला होतं.”

समजावून उपयोग नव्हता. म्हणून दुपारी ते झोपले की यशोधरा नट परत आवळायला पाना घेई. पस्तीस वर्षं तिने शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवला की तो नट तिच्या मनगटांनाही दाद देई. रेघ जुळली की ती बोटाने चाचपून बघे आणि वर जाऊन चहा टाके.

दुसऱ्या दिवशी देवदत्त चाकासमोर बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

“हे कसं? काल मी सरकवला होता ना?”

“मला नाही वाटत,” ती दुसरीकडे बघत म्हणाली.

“असेल.” मग त्यांनी विचारलं, “अगं, आज वार?”

“मंगळवार.”

त्यांनी मान हलवली. वहीत लिहिलं. पुन्हा पाना उचलला.

गुरुवारी रेघ परत जुळलेली पाहून ते हसले. “माझंच डोकं फिरलंय बहुतेक, यशू.”

ते ऐकून तिला स्वतःची लाज वाटली. पुरे झालं हे. गाडी निघू दे, आपण शेजारी बसू आणि रस्त्याकडे लक्ष ठेवू. त्यांनी नट सरकवला. दुपारी तिने पाना तांदळाच्या डब्यामागे लपवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन पडली.

शुक्रवारी सकाळी ती त्यांच्याबरोबरच खाली आली. पाना चाकाजवळ पडलेला होता. रेघ जुळलेली होती.

“मी नाही,” ती पटकन म्हणाली. “काल मी हातसुद्धा लावला नाही.”

देवदत्तांनी तिचा उजवा हात हातात घेतला. बोटं निळी झाली होती. त्यांनी ती आपल्या रुमालाने एकेक करून पुसली.

“असू दे. रिक्षाच बोलावतो. घट्ट धरून बस माझा हात.”

“आणि तुमची फाइल?”

त्यांनी पुठ्ठ्याची फाइल तिच्या हातात दिली. तिने चष्मा चढवून वरचं नाव वाचलं. यशोधरा देवदत्त मुळ्ये. अक्षर तिचंच होतं.