दार उघडताच लागणारा दिवा

"हा पिवळट आहे. पांढरा दाखवा." शिंपीमास्तरांनी दिवा काउंटरवर परत सरकवला.

दुकानदाराने दिव्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "मास्तर, हा पांढराच आहे."

"रंग मला शिकवू नका. हयात गेली त्यात."

जुना माल गळ्यात मारतोय, मास्तरांनी ताडलं. हल्ली त्यांना कोणाचाही संशय यायचा म्हणा. बटण दाबून लागणारा दिवा त्यांनी आधीच नाकारला होता; चोर आपणहून बटण कशाला दाबेल? चार्जिंगचा नको, नेमका चार्जिंगला लावलेला असतानाच चोरी व्हायची. शेवटी सेलवर चालणारा, कपाटाचं दार उघडताच आपोआप लागणारा दिवा त्यांनी घेतला. त्यातल्या त्यात पांढरा.

चोर म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांचं मिळून एक शिलाईचं दुकान. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोऱ्याच्या रिळांचं कपाट. काळी रिळं वरच्या खणात, गडद निळी खालच्यात. मास्तर स्वतः लावत. आणि जेवून येऊन पाहावं तर वर ठेवलेलं अर्धं संपलेलं रीळ खाली गेलेलं. एकदा नाही, रोजचंच झालं होतं.

मध्यंतरी धाकटा सासुरवाडीला गेला, आणि नेमकं त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक काळी पँट घेऊन भांडायला आलं. शिवण निळ्या दोऱ्याची. मास्तरांनी तेव्हाच ओळखलं, जाता जाता हा रिळं बदलून गेला. थोरल्याचं नाव घालवायचं, गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायचं आणि एक दिवस दुकान घशात घालायचं. याच हातांनी त्याला कात्री धरायला शिकवली होती, त्याचं त्यांना फार लागत होतं. आता एकदा सापडला की वाटणी. दुकानात मधोमध भिंत.

दिवा चिकटवताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "कोपऱ्यात अंधार असतो. रंग नीट दिसत नाहीत."

"फार बरं केलंस दादा," धाकटा म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा खुलला की मास्तर चक्रावलेच. एवढा आनंद कशाचा? बेरकी आहे, त्यांनी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी "जेवून येतो" म्हणून ते पुढच्या दाराने निघाले, मागच्या दाराने आत आले आणि ट्रायल रूमच्या पडद्याआड उभे राहिले. पोटात कावळे ओरडत होते.

धाकट्याने मशीन थांबवलं. उठला. पुढच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि कपाट उघडलं. दिवा लागला. त्याचा हात वरच्या खणात गेला. एक रीळ काढून त्याने खाली ठेवलं. मग दुसरं काढलं, आणि शेजारचंही काढून ताडून पाहू लागला.

मास्तरांनी पडदा सर्रकन बाजूला केला. "सापडलास. काय चाललंय हे?"

धाकटा दचकला. दोन्ही हातांत एकेक रीळ. "काही नाही दादा. निळं चुकून काळ्यात गेलं होतं."

"चुकून? वरचा खण मी लावलाय. आज सकाळी. याच दिव्यात."

धाकट्याने मान खाली घातली, चोरी खरंच त्याची असल्यासारखी.

मास्तरांनी त्याच्या हातांतली दोन्ही रिळं हिसकावली. आता पुरावाच तोंडावर मारायचा. त्यांनी एक रीळ दिव्याखाली धरलं. मग दुसरं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. रिळं डोळ्यांना टेकतील इतकी जवळ नेली. दिवा लख्ख जळत होता.

मग त्यांनी ती दोन्ही भावापुढे धरली. आवाज अगदी खाली आला होता.

"यातलं निळं कुठलं रे?"