तेविसाव्या मिनिटाचा खोकला

स्टुडिओतला तंत्रज्ञ आजोबांच्या कानांवर हेडफोन नीट बसवून खुर्चीत मागे टेकला. चांगलं काम केलेल्या माणसाला परवडतो तेवढा विनय त्याच्या चेहऱ्यावर होता.

आजोबा डोळे मिटून जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐकत होते. तेविसाव्या मिनिटाला त्यांनी बोट वर केलं. बोट वरच राहिलं. गाणं पुढे निघून गेलं.

"माझा खोकला कुठंय?"

"तो होय? काढला," तंत्रज्ञ म्हणाला. "कुणीतरी ऐन रंगात खोकलं होतं. दोन दिवस गेले त्यात. बाई मध्येच थांबल्या होत्या, तेही जोडून घेतलं. आता कसं सलग वाटतं."

"माझ्यासाठी थांबल्या होत्या त्या."

एवढ्या मोठ्या गायिकेनं ज्याच्यासाठी गाणं थांबवलं, असा माणूस आजोबांच्या माहितीत एकच होता. पहिली रांग, वय एकतीस. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, दोन सेकंद वाट पाहिली आणि पुन्हा सूर लावला. गेली चव्वेचाळीस वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती टेप ऐकावी लागली होती. गळका नळ बघायला आलेल्या प्लंबरलासुद्धा. उद्या पंच्याहत्तरीला साठ माणसं येणार होती.

"मूळ टेप लावा."

"तिला बुरशी होती, आजोबा. एकदा वाजली आणि तुकडे पडले."

"मग पहिली नक्कल?"

"काम पास झालं की आम्ही पुसतो ती. ताईंनी फोनवर ऐकून पास केलं ना."

आजोबांनी शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"मला वाटलं, गाणं स्वच्छ करायचंय," ती म्हणाली.

"खोकला गेलाय हे कळलं नाही तुला?"

"कळलं ना, बाबा. मी त्यांना थँक्यूसुद्धा म्हटलं."

आजोबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"त्यात काय एवढं," तंत्रज्ञ म्हणाला. "परत खोका, घालून देतो. थांबणंही देतो. दोन सेकंदांची शांतताच तर आहे."

आजोबा काचेपलीकडच्या खोलीत गेले. कोटाची बटणं लावून मायक्रोफोनसमोर उभे राहिले आणि खोकले.

"हा घसा साफ केल्यासारखा वाटतोय."

ते पुन्हा खोकले.

"आता भाषण सुरू होणार असं वाटतंय."

सातव्या वेळी खरा खोकला आला आणि थांबेचना. मुलगी पाणी घेऊन आत धावली.

"हा चांगला आहे," ते बाहेर आल्यावर तंत्रज्ञ म्हणाला, "पण म्हाताऱ्याचा आहे. एकतीसचा म्हणून खपणार नाही." त्यानं जरा विचार केला. "मी बत्तीसचा आहे."

तो आत गेला, एकदाच खोकला आणि बाहेर आला. पाच मिनिटांत काम झालं.

तिघांनी मिळून ऐकलं. बाई रंगात आल्या होत्या. पहिल्या रांगेतून एक तरुण, निश्चिंत खोकला आला. बाई थांबल्या. दोन सेकंद. मग पुन्हा गाऊ लागल्या.

"अगदी तुम्हीच, बाबा," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"पास?" तंत्रज्ञानं विचारलं.

आजोबांनी बोलायला तोंड उघडलं, तोच त्यांना उबळ आली. ते खुर्चीचा हात धरून वाकून खोकत राहिले.

बाई गातच होत्या.