व्हर्लिनच्या गवतातले फेझंट

तीन वर्षं झाली, व्हर्लिनच्या शेताकडेच्या गवतात एकही फेझंट, म्हणजे शिकारीचा तो रानकोंबड्यासारखा पक्षी, दिसला नव्हता. अमेरिकेतल्या साउथ डकोटातल्या शिकाऱ्याला याहून मोठं दुःख नाही. "यंदाही नाही दिसला, तर बंदूक विकतो आणि मासे धरायला लागतो," असं व्हर्लिनने जाहीर केलं, तेव्हा गेली पन्नास वर्षं त्याच्यासोबत शिकार करणारा जोडीदार डेलमार हादरला. मोसमाच्या पहिल्या दिवशी पहाटेच त्याने एक पाळीव फेझंट विकत आणला आणि त्या गवतात गुपचूप सोडून दिला.

दहा वाजता दोघं गवतात शिरले. सोबतची कुत्री थबकली, आणि फडफडाट करत एकदम तीन फेझंट उडाले. बंदुका खांद्यापर्यंत गेल्याच नाहीत.

"तीन?" डेलमारच्या तोंडून निसटलं. "अरे, मी तर एकच सोडला होता!"

व्हर्लिन ओशाळला. "एक मी सोडला. तुझं पडलेलं तोंड बघवत नव्हतं रे."

डेलमारने बोटांवर हिशेब केला.

 

"म्हणजे गड्या," व्हर्लिन हळूच म्हणाला, "तिसरा खरा!"